फ्लेक्स नंतर, हिशोब आधी

आपल्याकडे कोणी जर्मनीला गेलं की ते आधी चौकातल्या फ्लेक्सवरून कळतं. कोट घातलेला फोटो, मागे विमान, वर 'हार्दिक अभिनंदन' आणि खाली दोन-तीन ओळी भरून शुभेच्छुकांची नावं. पोरगा विमानात बसायच्या आधी फ्लेक्स लागलेला असतो. त्यात वाईट काही नाही. गावातलं कोणी शिकायला सातासमुद्रापार जातंय, याचा आनंद व्हायलाच हवा.

पण फ्लेक्सवर काही गोष्टी छापलेल्या नसतात. कोर्स नेमका कोणता? विद्यापीठ सरकारी की खासगी? कर्ज किती, कोणाच्या नावावर, तारण काय? तिकडे नोकरी लागली नाही तर पुढे काय? आणि पुढची दहा वर्षं या न छापलेल्या गोष्टींवरच ठरतात, पोराचीही आणि मागे राहिलेल्या घराचीही. म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

पेटीचे कागद, पोराचे कागद

दिंडोरीला युरोप नवा नाही. मोहाडी, जानोरी, खेडगाव या पट्ट्यातली द्राक्षं कित्येक वर्षं न्हावा-शेवामार्गे रॉटरडॅमला उतरताहेत. त्यासाठी काय काय करावं लागतं, हे तुमच्यातल्या अनेकांनी घरी पाहिलंय. निर्यातीचा प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवायचा. कोणती फवारणी कधी केली, ते लिहून ठेवायचं. तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, उर्वरित अंश मर्यादेत आहेत का ते बघायचं. २००६ पासून तर 'ग्रेपनेट'मुळे पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत पोचता येतं.

एवढं करूनही २०१० च्या हंगामात काय झालं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. वाढ रोखण्यासाठी आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट, तपासणीच्या यादीतच नव्हतं. युरोपात ते सापडलं, कंटेनर अडकले आणि निर्यातदार-शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये बुडाले. माल गोड होता, रंग चांगला होता, साखर बरोबर होती. यादीतली एकच गोष्ट बघायची राहिली होती.

आता गंमत बघा. ज्या घरात एका पेटीसाठी एवढी तपासणी होते, त्याच घरातून पोरगं किंवा पोरगी परदेशी शिकायला निघते तेव्हा तपासणी कोण करतं? नाशिकला एखाद्या कन्सल्टन्सीच्या एसी ऑफिसात जायचं, मार्कशीटच्या झेरॉक्स टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायचं, "सर, आता तुम्हीच बघा काय ते." देश सर ठरवतात, कोर्स सर ठरवतात, 'मला हा विषय का शिकायचाय' हे पत्रसुद्धा सरांच्या ऑफिसातलं कोणीतरी लिहितं.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की ज्याला स्वतःचा अर्ज स्वतः भरता येतो, त्याने खुशाल जावं. ज्याला अजून येत नाही, त्याने आधी ते शिकावं आणि मग जावं. कारण तिकडे गेल्यावर खोली शोधण्यापासून पत्ता नोंदवण्यापर्यंत, विम्यापासून परीक्षेच्या नोंदणीपर्यंत सगळं एकट्यालाच करायचंय, तेही परक्या भाषेत. अर्ज भरणं ही त्याची पहिली, सगळ्यात सोपी चाचणी आहे.

'फुकट' म्हणजे किती?

युरोप म्हटलं की आपल्याकडे पहिला शब्द येतो 'फ्री'. जर्मनीत शिक्षण फुकट आहे, असं वर्गात कोणीतरी सांगतं आणि तेवढ्यावर स्वप्न रंगतं. हे बरचसं खरं आहे, पण पूर्ण खरं नाही.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत खरंच शिकवणी फी नाही. सेमिस्टरला काही शे युरोंचं शुल्क असतं, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-रेल्वेचा पासही येतो. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या नामांकित तंत्र विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून बाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी फी सुरू केली. इतर देशांकडे बघा: डेन्मार्कने २००६ मध्ये, स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये आपल्यासारख्यांसाठी फी लावली. फ्रान्समध्ये २०१९ पासून बाहेरच्यांसाठी वेगळा, जास्तीचा दर आहे, पण काही विद्यापीठं त्यात सूट देतात. नेदरलँड्समध्ये शेतीचं शिक्षण जगात नावाजलेलं, पण बाहेरच्यांची फी ऐकून घाम फुटेल अशी. म्हणजे 'फुकट'ची यादी वर्षागणिक आखूड होत चाललीय.

आणि फी नसली तरी पोट आहेच. जर्मनीच्या व्हिसासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट' उघडावं लागतं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर जवळजवळ बारा लाख. हे पैसे कोणी खात नाही, ते तुमचेच असतात आणि तिकडे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो या हिशोबाने परत मिळतात. त्यातूनच खोलीभाडं, विमा, जेवण आणि फोन. मोठ्या शहरात निम्मी रक्कम, कधी त्याहून जास्त, भाड्यातच जाते.

जाण्याआधीचा खर्च वेगळा. कागदपत्रं पडताळणाऱ्या एपीएसची फी १८,००० रुपये. इंग्रजीची परीक्षा साधारण तेवढीच. युनि-असिस्टमार्फत पाच विद्यापीठांना अर्ज केले, तर पहिल्याचे ७५ आणि पुढच्या प्रत्येकाचे ३० युरो, म्हणजे आणखी साडेएकोणीस हजार. व्हिसा, तिकीट, थंडीचे कपडे धरले, तर विमान उडायच्या आधीच सव्वा-दीड लाख गेलेले असतात.

"पार्टटाइम करून भागवतो की!" हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो. कामाला परवानगी आहे. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं. नीट जमलं तर महिन्याचा खर्च बराचसा निघतो. पण काम पहिल्या आठवड्यात मिळत नाही आणि हॉटेलात, दुकानात, गोदामात मोडकीतोडकी जर्मन आली तरच लवकर मिळतं. म्हणून पहिल्या वर्षाच्या हिशोबात पार्टटाइमचा रुपयाही धरू नका. मिळाला तर आनंद.

शेत आहे, तारण नाही

आता घरातला अवघड प्रश्न. बाप म्हणतो, "चार एकर बाग हाये आपली, बँक काय नाही म्हणतीये का?" तर बहुतेक वेळा बँक नाहीच म्हणते. शैक्षणिक कर्जाला बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत. त्यांना घर, फ्लॅट, बिगरशेती प्लॉट किंवा मुदत ठेव लागते. ज्याच्याकडे नाशिकला फ्लॅट आहे, त्याचं काम होतं. ज्याची सगळी कमाई मातीत आणि मांडवात आहे, तो बँकेच्या दारात गरीब ठरतो. मग तारण नसलेलं, पण चढ्या व्याजाचं खासगी कर्ज येतं, नाहीतर सोयऱ्यांकडून हातउसने, नाहीतर जमिनीचा तुकडा विकला जातो.

हिशोब मांडूनच बघू. समजा १५ लाखांचं कर्ज काढलं, व्याज साडेदहा टक्के. दोन वर्षांचं शिक्षण आणि वर सहा महिने हप्ता नाही, पण व्याज चालूच असतं. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असेल, तर अडीच वर्षांत जवळजवळ चार लाख व्याज चढतं. मग एकोणीस लाखांच्या आसपास रकमेचा दहा वर्षांचा हप्ता पडतो महिन्याला साडेपंचवीस हजार.

जर्मनीत शिकलेल्या विषयाची नोकरी लागली, तर हा हप्ता जड नाही. पदवी झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांची मुदत मिळते, ती कामाला येते. पण नाही लागली आणि परत यावं लागलं, तर तोच साडेपंचवीस हजारांचा हप्ता नाशिकच्या पहिल्या पगारातून फेडायचाय. किंवा बागेतून. आणि बागेचं काय असतं, ते आपल्याला कोणी सांगायला नको. वर्षभर उधारी, हंगामात एकदाच पैसा आणि त्यातही एका रात्रीच्या गारपिटीने घड झडून जातात. बँकेच्या हप्त्याला गारपीट कळत नाही.

म्हणून सही करण्याआधी घरात सगळ्यांनी बसून एक कागद लिहायला हवा. वरच्या बाजूला 'सगळं नीट झालं तर', खालच्या बाजूला 'परत यावं लागलं तर'. खालची बाजू घराला झेपत असेल, तर जा. झेपत नसेल, तर रक्कम कमी करा, शिष्यवृत्ती शोधा, दोन वर्षं नोकरी करून पैसे साठवा. आणि हा कागद पोरांनीच आईबापांना समजावून सांगायचा आहे. "तुम्हाला नाही कळणार" म्हणून विषय संपवू नका. सही त्यांची असते.

एक नंबरचा अर्थ तिकडे वेगळा

पैशांनंतर मार्कशीट. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास आणि ५.० म्हणजे नापास. आपला सीजीपीए त्या पट्टीवर आणायला एक सूत्र आहे. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, आलेल्या आकड्याला कमाल आणि पास होण्यापुरते गुण यांच्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. दहापैकी ७ सीजीपीए असेल आणि पास व्हायला ४ लागत असतील, तर उत्तर येतं २.५. मास्टर्सच्या बऱ्याच कोर्सेसची सीमारेषा याच आकड्याच्या आसपास असते. तुमचा आकडा काढायला पाच मिनिटं लागतात. त्यासाठी कोणाला हजारो रुपये द्यायची गरज नाही.

सूत्रात बसलं, तरी दुसरी गोष्ट उरते: तुम्ही नेमकं काय शिकलात? तिकडची प्रवेश समिती पदवीचं नाव बघून थांबत नाही. कोणत्या विषयाचे किती क्रेडिट, हे बघते. युरोपात पूर्ण वर्षाचा अभ्यास ६० क्रेडिटचा आणि तीन वर्षांची पदवी साधारण १८० क्रेडिटची धरतात. संगणकाच्या मास्टर्सला गणिताचे अमुक क्रेडिट हवेत असं लिहिलेलं असेल आणि तुमच्याकडे ते नसतील, तर ९.५ सीजीपीएही उपयोगाचा नाही. म्हणून प्रत्येक सेमिस्टरचा अभ्यासक्रम आजपासून मोबाइलमध्ये नाही, नीट फोल्डर करून ठेवा.

आणि तिकडचा अभ्यास. लेक्चरला अनेकदा हजेरी नसते. कोणी ओरडत नाही, पालकांना फोन जात नाही. वाचायचं काय आणि किती, ते स्वतः ठरवायचं. बऱ्याच विषयांत सेमिस्टरच्या शेवटी एकच परीक्षा. आपल्याला एटीकेटीची सवय. तिकडे साधारणपणे एका विषयाला तीन संधी. तिन्ही वेळा अनिवार्य विषयात नापास झालात, तर त्या विद्यापीठातून नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात 'अपेक्षित प्रश्न' पाठ करून पदवी काढलेल्याला हे फार जड जातं. हुशारी कमी असते म्हणून नव्हे, सवय नसते म्हणून. ती सवय दिंडोरीच्या कॉलेजच्या वाचनालयातही लावता येते.

खासगीची मखलाशी

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सरकारी विद्यापीठं विद्यार्थी आणून देणाऱ्याला सहसा कमिशन देत नाहीत. अनेक खासगी विद्यापीठं देतात. त्यामुळे "तुझ्या मार्कांवर सरकारीत काही होणार नाही, पण इथे गॅरंटीने होईल," असं कोणी सांगत असेल, तर तो कोणाच्या पैशावर बोलतोय, हे विचारा. अशा ठिकाणी फी बऱ्याचदा वर्षाला दहा हजार युरोंच्या पुढे असते. म्हणजे जर्मनीला जायचं मुख्य कारणच संपलं.

सगळी खासगी विद्यापीठं वाईट नसतात. पण तपासा. मान्यता आहे का? वर्ग प्रत्यक्ष भरतात की अर्धे ऑनलाइन? २०२५ मध्ये बर्लिनमधल्या एका खासगी विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांना देश सोडायला सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यांचा कोर्स ऑनलाइन-मिश्र स्वरूपाचा आहे, त्यासाठी जर्मनीत राहायची गरज नाही, असं तिथल्या परदेशी नागरिक विभागाचं म्हणणं होतं. पोरांनी कर्ज काढलं होतं, फी भरली होती, अभ्यासही करत होती. यादीतली एकच गोष्ट बघायची राहिली होती. २०१० च्या द्राक्षांसारखीच.

तपासायला लागतं काय? डीएएडी या संस्थेच्या संकेतस्थळावर इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या कोर्सेसची यादी फी, मुदत आणि अटींसकट मोफत आहे. 'अनाबिन'मध्ये विद्यापीठाची मान्यता बघता येते. फ्रान्ससाठी कॅम्पस फ्रान्स आहे. दोन रविवार बसलात तर तुमच्या विषयाचे दहा कोर्स तुम्हीच शोधून काढाल. मग एखाद्या जाणकाराचा सल्ला घ्यायला हरकत नाही. पण तेव्हा तुम्ही प्रश्न विचारायला गेलेले असाल, 'तुम्हीच बघा' म्हणायला नव्हे.

एप्रिलची छाटणी

बागाईतदाराच्या पोरांना एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. घड दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर, पण तो काडीत तयार झालेला असतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच. एप्रिलला चुकलात तर ऑक्टोबरमध्ये कितीही औषधं मारा, काडी वांझच निघते.

परदेशी शिक्षणाचंही तसंच आहे. जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, त्याच्या अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै, पण परदेशी विद्यार्थ्यांच्या अनेक कोर्सेसची त्याच्या कितीतरी आधी. एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना सक्तीचं आहे आणि त्याला वेळ लागतो. म्हणजे तिसऱ्या वर्षाचा निकाल लागल्यावर 'आता बघू' म्हणणाऱ्याचं एक वर्ष तिथेच जातं. खरी सुरुवात दुसऱ्या वर्षात.

दुसऱ्या वर्षात काय करायचं? पासपोर्ट काढा. तो काढताना नावाकडे नीट बघा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर उलटं. कुठे स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. इथे कोणाला फरक पडत नाही, तिकडे मात्र ही दोन वेगळी माणसं ठरतात. शपथपत्रं करत बसण्यापेक्षा आत्ताच दुरुस्त करा. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागणार असेल, तर त्याच्या मागे आत्तापासून लागा. आणि भाषा सुरू करा. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट आहेत, पण ए-वन पातळीची सुरुवात मोबाइलवरही होते. मराठी माध्यमातून आलोय म्हणून लाजू नका. जर्मनीतला इंग्रजी मास्टर्स शिकवणाऱ्या प्राध्यापकाचीही मातृभाषा बऱ्याचदा इंग्रजी नसते. त्याला तुमचा उच्चार नको असतो, तुमचं म्हणणं हवं असतं.

पैसे नाहीत, मग विषय संपला?

अजिबात नाही. पण इथेही माहिती नसल्यामुळे पोरं मागे पडतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जणांना. आदिवासी विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती आहे. दिंडोरीच्या पश्चिमेकडच्या, नानाशीकडच्या पोरांनी तिची चौकशी केलीच पाहिजे. इतर प्रवर्गांसाठी आणि सारथीमार्फतही योजना आहेत. 'इरास्मस मुंडुस' या युरोपीय योजनेत तर फी माफ आणि महिन्याला १,४०० युरो, शिवाय शिक्षण दोन-तीन देशांत. तिचे अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत असतात. जात, जमीन, तारण काही बघत नाहीत. बघतात ते तुमचं काम आणि ते का करायचंय हे तुम्हाला सांगता येतं का.

आणि थोडं मागे वळून बघू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, १९१६ मध्ये लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परत यावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने हात दिला आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवलं होतं. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. परत यावं लागणं म्हणजे संपणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही मधली तीन वर्षं लक्षात ठेवावीत.

मुलींसाठी आणखी एक नाव, इरावती कर्वे. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या, तेव्हा आपल्याकडे मुलीने तालुक्याला शिकायला जाणंही नवलाचं होतं. कवट्यांच्या मोजमापांवर त्यांनी प्रबंध केला. त्यांच्या मार्गदर्शकाचा वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धांत त्या मोजमापांतून सिद्ध होत नव्हता. तो होत नाही, असंच त्यांनी लिहिलं आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. परदेशी जाऊन शिकायचं ते हे: आकडे जे सांगतात ते, समोर गुरू असला तरी, सांगता येणं. आज आपल्या घराघरांत मुलासाठी कर्ज काढायची तयारी असते आणि मुलीसाठी 'लग्नाचं बघू' असतं. वरचा कागद मांडाल तेव्हा दोघांसाठी एकच पट्टी लावा.

गेलेल्यांनी आणि राहिलेल्यांनी

आता थोडं कॉलेजांना. सगळा भार पोरांवर टाकून चालणार नाही. दिंडोरी, वणी, पिंपळगाव, नाशिकच्या कॉलेजांनी तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल. प्रत्येक विषयाचा इंग्रजी अभ्यासक्रम क्रेडिटसह, सही-शिक्क्यानिशी वाचनालयात ठेवावा. ट्रान्सक्रिप्ट मागितली, की हेलपाटे न घालता ठरलेल्या दिवसांत द्यावी. आणि वर्षातून एकदा परदेशी शिकत असलेल्या माजी विद्यार्थ्यांशी व्हिडिओ कॉलवर मोकळ्या गप्पा ठेवाव्यात. त्यात बर्फातले फोटो दाखवू नका म्हणावं. खोली मिळायला किती महिने लागले, पहिल्या परीक्षेत काय झालं, हप्ता कसा जातो, ते सांगा म्हणावं. तिकडून 'स्टेटस'वर फक्त हिरवळ आणि हसरे चेहरे येतात. चार वाजता अंधार पडणाऱ्या डिसेंबरचा फोटो कोणी टाकत नाही. गेलेल्यांनी खरं सांगायला सुरुवात केली, तर मागून येणाऱ्यांचे लाखो रुपये वाचतील.

आणि विषय निवडताना इथल्या मातीकडेही एकदा बघा. जर्मनीत गायझेनहाइमला १८७२ पासून द्राक्ष आणि वाइनचं शिक्षण-संशोधन चालतं. फ्रान्समध्ये मॉन्टपेलियेला तेच. द्राक्षांच्या राजधानीतली पोरं मात्र संगणकाशिवाय दुसऱ्या कोर्सचं नाव घेत नाहीत. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये २०२२ मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स, फ्रान्सच्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. युरोपचा पैसा मोहाडीचा पत्ता शोधत येतो, तर तिकडे शिकलेल्या पोराला परत यायला इथे कामच नाही, असं का समजायचं? काढणीनंतरची साठवण, पाणी, अन्नप्रक्रिया, वाणांचं संशोधन हे शिकून आलेल्याची गरज आपल्या तालुक्यात रोज आहे.

जायचं की नाही, हे आम्ही सांगणार नाही. जर्मनीत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या २०२३-२४ मध्येच ४९ हजारांवर गेलीय, तिथे सगळ्या परदेशी विद्यार्थ्यांत आपला गट सर्वांत मोठा आहे. त्यात दिंडोरीचीही असावीत, आणखी जावीत. नियम बदलत राहतील, रकमा बदलतील. अर्ज करताना त्या वर्षीचे आकडे अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः घ्या.

या रविवारी एवढंच करा. वही काढा. तुमचा सीजीपीए जर्मन पट्टीवर आणा. तीन कोर्स शोधा, त्यांच्या अटी मराठीत लिहून काढा. खर्चाचे दोन रकाने मांडा आणि रात्री जेवणं झाल्यावर आई-वडिलांसमोर ती वही उघडा. त्यांचे प्रश्न येतील, काही टोचतील. उत्तरं देता आली, तर तुमची तयारी सुरू झाली. नाही देता आली, तरी काही बिघडलं नाही. पैसे खिशात आहेत, जमीन नावावर आहे आणि पुढचा एप्रिल अजून यायचाय.